पंधरा दिवसांचा रुसवा

वारा मागून भरला, तसं पुंडलिकनं शीड सैल सोडलं. शीड कसलं, बांबूला बांधलेली दोन जुनी लुगडी. होडीसुद्धा पल्याडच्या काठावरच्या धोंडिबाकडून मागून आणलेली. त्याचा स्वतःचा थर्माकोलचा तराफा, घरून रुसून निघाला त्या पहिल्याच रात्री, वादळात दाव्यासकट वाहून गेला होता, त्यावरच्या मोबाईलसकट. गेला तर गेला. नंबर कुणाचा पाठ होता, अन् रुसलेला माणूस फोन करतो व्हय?

भांडण गारखेड्यावरून. पोरानं, सुदर्शननं, तिथं शहरात फ्लॅट घेतलेला. बायकोचा, वच्छलाबाईचा, जीव तिकडं लागलेला.

"पाणी सोडून मी त्या डबीत काय करू? तुला जायचं तर जा," म्हणून हा गडी जाळं घेऊन निघाला, तो थेट नाथसागर ओलांडून धोंडिबाच्या खोपीत जाऊन बसला.

धोंडिबा सांजच्याला आपल्या घरी जायचा. मग पुंडलिक एकटा. भाकर करपली तरी हसायला कुणी नाही. पाणी होतं समोर, लई होतं, पण पाणी काय 'जेवलात का' विचारत नाही. वच्छलाबाईच्या आठवणीनं तो एकदा रडलासुद्धा. ह्या वयात.

आता मधोमध आल्यावर कुठलाच काठ दिसेना. त्यानं मोठ्यानं म्हणून पाहिलं, "चल, येतो गारखेड्याला." जमलं.

दुपार व्हायच्या आत गावचा काठ आला. काठावर माणसं होती, सगळी पाठमोरी. मधे सुदर्शन, डोक्याचा गोटा केलेला. पुढ्यात पत्रावळीवर पिंड.

घरात माणसं तीन. सुदर्शन तर समोर उभा. गेलं कोण, हे विचारायची गरजच नव्हती. पुंडलिकच्या हातातली दोरी सुटली. उशीर केला आपण.

कावळे बाभळीवर बसून होते. एकही खाली येईना. जीव कशात अडकलाय म्हणून कावळा शिवत नाही, हे इथं त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. होडीतच त्यानं हात जोडले.

"चुकलं माझं, वच्छला. येतो मी गारखेड्याला. शिव बाई आता."

कावळे ढिम्म.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. पांढऱ्या कपाळाची एक बाई पुढं आली अन् पिंडापाशी वाकली.

"अवो, ऐकता का? नाय जात मी गारखेड्याला. हितंच ऱ्हाते, तुमच्या पाण्यापाशी. आता तरी शिवा," वच्छलाबाई कावळ्यांना म्हणाली.