वगळलेले शब्द

"पोरीसमोर ती सभागृहातली भांडणं मोठ्या आवाजात लावत जाऊ नकोस गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. घरी बसून विधानसभेतली भाषणं ऐकत टाइप करायची आणि अध्यक्षांनी 'वगळा' म्हटलं की तेवढे शब्द पुसायचे, ही माझी नोकरी.

काल जेवताना सासूबाई भाजी वाढायला उठल्या, तर माझी चार वर्षांची लेक कडाडली, "खाली बस! तुझी लायकी काय?"

भाजीचं भांडं ठेवून सासूबाई आत गेल्या. मी हात उगारला तशी लेक रडवेली झाली. "आई, वगळ ना ते!"

त्यांच्या खोलीचं दार अजून बंद आहे. इकडे आजचं कामकाज सुरू झालंय आणि मला ऐकावंच लागतंय.

तुमच्याकडे टीव्हीवर सभागृह चालू असेल, तर त्या टीव्हीसमोर कोण बसलंय, तेवढं बघून याल?