चांगलं साल

हिशेब सरळ होता. परदेशी गेलं तर बापाला गोड्या पाण्याची जमीन मिळणार होती. आईला तिथे आधीच स्थायिक झालेला भाऊ मिळणार होता. आणि मुलीला असं गाव, जिथे तिला कुणी 'लंगडी' म्हणून हाक मारत नव्हतं. शब्द तिथेही असणारच. पण तो तिला चिकटायला वेळ तरी लागला असता.

इथे मागे ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. खाडीचं पाणी जमिनीखालून सरकत आलं होतं. विहीर खारट झाली, वाफ्यांनी मिठाचा पापुद्रा धरला, बटाटा मातीतच काळा पडू लागला. बाप गावभर सांगत सुटला, पण ऐकतो कोण? हा माणूस पोत्यावर पोतं रचतानाही "कुठलं काय, या साली मेलो" असंच म्हणायचा. पिकलं म्हटलं की उसनं मागणारे येतात, आणि नजर लागते ती वेगळीच, हे त्याचं शास्त्र. त्यामुळे त्याचं खरं मरणही गावाला नेहमीचंच वाटलं.

आता टेबलापलीकडे त्या देशाचा साहेब बसला होता. जमीन मिळणार होती ती पिकवून दाखवलेल्यालाच. साहेबाला इकडची भाषा येत नव्हती. मुलगी त्याची भाषा खपून शिकली होती, म्हणून मध्ये तीच.

"सगळ्यात चांगलं पीक कधी आलं, विचारतायत."

"कुठलं काय साहेब!" बापानं हात झटकले. "आमच्या नशिबी चांगलं साल कुठलं?"

मुलीनं हे पुढे सांगितलंच नाही. ती बापाकडे झुकली. "बाबा, इथे रडगाणं गायलात तर परत घरी पाठवतील. ह्यांना काय तुमच्याकडून बटाटे उसने न्यायचेत? खरं सांगा."

बाप हसला. खुर्चीत ताठ झाला. जन्मभर दाबून धरलेल्या बढाईला एकदाची वाट सापडली होती.

"मग लिहा म्हणावं! एकेक बटाटा मुठीत मावेना. कोठार भरलं, ओसरी भरली, शेवटी गुरं बाहेर बांधून गोठ्यात रचला. भावही तसाच. त्यावरच तर खाडीकडचं रान विकत घेतलं."

"अहो, ते तर खंडानं कसायला घेतलं होतं ना?" आई म्हणाली.

"तसं सांगायचं असतं."

"साल कोणतं, बाबा?"

"अगं, तू माळ्यावरून पडलीस ना, तेच!"

तो आनंदात बोलून गेला. त्याला कुठलंच साल आकड्यानं आठवत नसे. घरात काय झालं त्यावरून आठवे.

आईचा हात मुलीच्या पाठीवर फिरत होता, तो थांबला. त्या साली डॉक्टर म्हणाले होते, हाड आत्ताच बसवून घ्या, पोर वाढली की जमायचं नाही. आणि बापानं दवाखान्याच्या दारातच हात जोडले होते : "यंदा सगळी माती झाली हो. पुढच्या साली बघू."

बापाच्याही ध्यानात आलं. "म्हणजे... तेव्हा रान घ्यायची संधी हातची जात होती, पोरी," तो पुटपुटला.

साहेब वाट पाहत होता. मुलीनं त्याला सगळं नीट सांगितलं. साल, बटाटा, कोठार, ओसरी, गोठा, रान. काही गाळलं नाही, आवाजही हलला नाही. साहेब खूश झाला. असेच शेतकरी आम्हाला हवेत, म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तिघं येणार ना?"

"दोघं," ती त्याच्या भाषेत म्हणाली.

शिक्का पडला.

"काय विचारलं गं?" बापानं दबक्या आवाजात विचारलं.

"किती जण जाणार."

"नीट सांगितलंस ना?"

"खरं सांगितलं, बाबा."

बापाला पाणी मिळालं, आईला भाऊ मिळाला. खाडीकडचं रान त्यांना पोरीच्या एका पायाला पडलं होतं. हे नवं अख्ख्या पोरीला पडलं.