दुर्मिळ गटाचं शीट

रक्तपेढीतले दादा रक्तदात्यांच्या एक्सेल फाइलमध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यातला बाण दाबत एकेक शीट पुढं सरकवत होते. गावोगावच्या रक्तदान शिबिरांची शीटं संपतच नव्हती. वर ऑपरेशन टेबलावर माझी बायको होती आणि तिला लागणारं बॉम्बे गटाचं रक्त इथं शिल्लक नव्हतं.

“दुर्मिळ गटांचं शीट शेवटी कुठंतरी आहे हो,” ते पुटपुटले.

मला राहवेना. “दादा, त्याच बाणावर माउसचं उजवं बटण दाबा. सगळ्या शीटची यादी येईल!”

यादी उघडली. “आयला, सोपं होतं की!” म्हणत त्यांनी ‘दुर्मिळ’ निवडलं. बॉम्बे गटाखाली एकाच दात्याचा फोन नंबर होता.

“लावा, लावा लवकर! मी गाडी घेऊन जातो त्यांना आणायला.”

दादांनी फोन लावला.

माझ्या खिशात बायकोचा मोबाइल वाजू लागला.