लिंबाची फोड
"जमिनीखालच्या दाबाने आणि उष्णतेने चुनखडकाचा संगमरवर होतो, हा बघा!" बाईंनी आणलेला पांढराशुभ्र दगड उंचावला. फरश्या घासणाऱ्या मजुराची मुलगी उठली. "बाई, हा संगमरवर नाही. संगमरवरावर लिंबू पडलं की बुडबुडे येतात, बाबा सांगतात." "बाबा किती शिकलेत गं तुझे?" म्हणत बाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं. वर्ग फिदीफिदी हसला. तेवढ्यात तपासणीसाठी साहेब आले. बाईंना चेव चढला. डब्यातली लिंबाची ताजी फोड त्यांनी दगडावर पिळली. माना लांबल्या. एकही बुडबुडा नाही, दगड ढिम्म! बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कोपऱ्यातून ती म्हणाली, "साहेब, लिंबू शिळं असेल." साहेब हसले आणि 'उपक्रमशील शिक्षिका' असा शेरा लिहून गेले. ती मात्र कोपऱ्यातच उभी, बाईंनी 'बस' म्हणण्याची वाट बघत. बाईंची मान काही वर होईना.