तारीख नाही

कचेरीच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन धाकटा भांडत होता. भांडण टंकूनच चाललं होतं; समोरचा माणूस दुसऱ्या खंडात कुठेतरी पाऊस मोजायचा. आकडेमोडीच्या ज्या फुकट सॉफ्टवेअरवर जगभरच्या प्रयोगशाळा हिशेब करतात, त्याला तारखा आणि वेळा कळाव्यात म्हणून धाकटा आणि आणखी चार-पाच हौशी आपल्या सुट्ट्या जाळत होते. पाऊसवाल्याची मागणी साधी होती. एखाद्या नोंदीत तारीख गाळलेली असेल, तर वरच्या ओळीचीच घाला आणि पुढे चला.

‘नाही,’ धाकट्यानं लिहिलं. ‘जी माहीत नाही ती माहीत नाही.’

रिकाम्या जागेसाठी त्यानं एक खूण बसवली होती : ‘तारीख नाही’. तिच्यात दिवस मिळवा, महिने वजा करा, उत्तर पुन्हा ‘तारीख नाही’. अशा दोन खुणा शेजारी ठेवून सारख्या आहेत का विचारलं, तरी उत्तर ‘नाही’. न कळलेल्या एका दिवसाचं न कळलेल्या दुसऱ्या दिवसाशी नातं जोडणारे आपण कोण? या मुद्द्यावर तो इतका अडून बसला, की सोबतचे शेवटी थकून हो म्हणाले. थकवून मिळवलेला होकारही तो पटवून दिल्याच्या खात्यातच जमा करायचा.

“भावजी, मिटा ते आता. आपलीच पाळी आहे,” वहिनी म्हणाली.

थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, ट्रक चालवायचा. पंधरा-पंधरा दिवस बाहेर असणं हे घरच्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे तो गेला तेव्हा गेला असं कुणाला वाटलंच नाही. मालकानं मध्येच धंदा गुंडाळला, त्याचाही पत्ता नाही. ‘बाहेरगावी’ असलेला माणूस ‘बेपत्ता’ कोणत्या दिवशी झाला, हे सांगणार कोण? कायद्याला मात्र नेमका दिवस हवा होता, शेवटची खबर आली तो. त्यावर ठरलेली वर्षं लोटली, की माणूस मेला असं धरतात आणि त्याची बायको मोकळी होते.

वहिनीला मोकळं व्हायचं होतं. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यानं तिला विचारलं होतं. तिचे डोळे ठणठणीत, तरी वर्षभरात तीनदा तपासून झाले होते, यावरून गल्लीनं काय ते ओळखलं होतं. पण आता तो महिनाअखेरीस दुकान दुसऱ्या शहरात हलवणार होता. कागद झाला तर दोघं जाऊ, नाहीतर मी एकटा, असं त्यानं चांगल्या शब्दांत सांगितलं होतं. चांगल्या शब्दांतलं ‘नाही’ जास्त लागतं.

बायकोचा एकटीचा शब्द कचेरीला पुरत नव्हता. रक्ताच्या नात्यातला हवा होता. आई उंबरा ओलांडायला तयार नव्हती. पोरगा ट्रक घेऊन गेलाय, येईल, एवढंच ती म्हणायची. उरला धाकटा. तो याआधी दोनदा या खिडकीशी येऊन ‘माहीत नाही’ असं ताठ मानेनं सांगून गेला होता. दोन्ही वेळा कागद परत आला, आणि वहिनीनं घरी जाऊन मुकाट्यानं स्वयंपाक केला.

“काय साहेब, या खेपेला आठवलं का?” कारकुनानं विचारलं.

“आठवायला आधी माहीत असावं लागतं.”

“अहो, तारीख विचारतोय, मुहूर्त नाही. अंदाजे बोला. रकाना कोरा राहिला तर कागद इथून हलत नाही.”

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती खिडकीच्या गजावरचा गंज नखानं खरवडत राहिली. धाकट्याच्या मनात आलं, त्या ‘तारीख नाही’च्या खुणेत जे जे मिळवाल त्याचं तेच होतं. ही बाई तिच्यात मिळवली गेलीय, आणि मिळवणारा मी.

“नऊ नोव्हेंबर,” तो म्हणाला. मग वर्षही सांगितलं. मग, कुणी विचारलं नसताना, “सोमवार होता,” असंही जोडलं. कारकुनाला वार नको होता. वार मात्र अचूक होता. तारखेवरून वार काढण्याचा भाग धाकट्यानंच लिहिलेला.

सही झाली. शिक्का बसला. “हे एवढंच तर हवं होतं,” कारकून म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

जिन्यात दिवा नव्हता. ओल आलेल्या भिंतीला हात लावत धाकटा दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

“तो दिवस खोटा आहे, वहिनी. जिवंत असेल-नसेल, मी शपथेवर पुरला त्याला. पण खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं ना.”

“मला विचारलं कुठे तुम्ही?”

तो वळला. वरच्या पायरीवर तिचा चेहरा दिसत नव्हता.

“त्यांचा फोन येतो, भावजी. दुसरा संसार आहे तिकडे. म्हणाले, मेलो म्हणून सांग; आईला तेवढं सोसेल, सोडून गेलो हे नाही सोसायचं.” ती त्याला ओलांडून खाली उतरू लागली. “तुमच्या कानावर आधी घातलं असतं, तर तुम्ही खरं तेच लिहून दिलं असतं.”