अवघड बिघाड

अर्धांगवायूच्या झटक्यातून उठल्यापासून रेडिओ मेकॅनिकने हत्यारांच्या पेटीला हात लावला नव्हता. डॉक्टर म्हणाले, हात बरा झालाय. तो म्हणायचा, "त्यांचं काय जातंय म्हणायला!"

एके सकाळी बायकोने स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल रेडिओ त्याच्यासमोर आणून ठेवला. "अहो, आकडे दिसतायत, पण आवाजच येत नाही. बघता का जरा?"

"दे दुसऱ्या कुणाकडे तरी."

"घरात मेकॅनिक असताना? हसतील लोक मला."

कुरकुरत का होईना, तो बसला. पहिल्या स्क्रूवरून स्क्रूड्रायव्हर चारदा घसरला. शेवटी चारही स्क्रू निघाले, तेव्हा त्याने मागचं झाकण अलगद उचललं, आकड्यांच्या पडद्याकडे जाणारी चपटी वायर न ताणता बाजूला केली आणि थबकला. स्पीकरची तार तुटली नव्हती. कुणीतरी ती कात्रीने सरळ कापली होती.

त्याने वर पाहिलं. बायको पाठमोरी उभी राहून लख्ख ओटा पुन्हा पुसत होती.

थरथरत्या हाताला दुसऱ्या हाताचा आधार देत त्याने तार सोलली. तिसऱ्या खेपेला सोल्डरिंगचा टाका नीट बसला. रेडिओ आधी खरखरला, मग बोलू लागला.

"झाला?" तिने न वळताच विचारलं.

"झाला. पण बिघाड भलताच अवघड होता हं. शेजारीपाजारी कुणाचं काही बंद पडलं असेल, तर घेऊन या म्हणावं." जरा थांबून तो म्हणाला, "घरातलं आता पुरे."