सहा वेळा दिसलेलं मेडोलार्क

"सहा," फोनमधून वेंडेल म्हणाला. "पंधरा वर्षांत सहा वेळा ऑनलाइन लिलावात आलंय तुझं हे मेडोलार्क, ओपल. त्यातलं एक तर मीच विकलंय. दुर्मिळ कसलं डोंबलाचं."

ओपलआत्याने फोन ठेवला आणि वहीत सहाचा आकडा लिहिला. विषय संपला. जुन्या गाण्याच्या यंत्रांच्या, म्हणजे फोनोग्राफच्या क्लबात वेंडेलचा शब्द शेवटचा. क्लबाचा नियमही साधा: एखादं जुनं यंत्र लिलावात तीनपेक्षा जास्त वेळा दिसलं की ते सामान्य. मग ते कितीही गोड का वाजेना.

ट्विलाने घड्याळाकडे बघितलं. बारा वाजता लिलाव बंद होणार होता आणि अकरा बावीस झाले होते. मेडोलार्कच्या त्या ओकच्या पेटीवर गाणं कोरलेलं मेणाचं नळकांडं चढवलं, चावी दिली, की शंभर वर्षांपूर्वीची कुणी बाई अशी काही खळाळून गायची की सोळा वर्षांची ट्विला स्वयंपाकघरभर गरागरा नाचायची. तेच यंत्र आत्या विकायला निघाली होती. का, तर क्लबवाल्यांनी मान डोलवावी असं काहीतरी 'खरं दुर्मिळ' घरात आणायला.

"आत्या, अजून एकही बोली लागलेली नाही. काढून टाक ना जाहिरात."

"बोल्या शेवटच्या मिनिटाला लागतात. तू ॲपल पाय खा, गरम आहे."

"मला भूक नाही."

"तुला? भूक नाही? डॉक्टरला फोन करू का?"

ट्विलाने लॅपटॉप पुढे ओढला आणि जुन्या सहाही जाहिराती एकेक करून उघडल्या. हरायचंच तर निदान नीट बघून हरू. पहिल्या फोटोत पेटीवरचा कर्णा लाल होता. दुसऱ्यात पितळी. तिसरी जाहिरात वेंडेलची; गवत कापायचं यंत्र घ्यायचंय म्हणून विकतोय, असं त्याने खाली लिहिलं होतं. त्याने निळा, फुलासारखा उमललेला कर्णा बसवला होता. चौथ्यात अख्ख्या पेटीलाच काळपट पॉलिश. पाचव्यात कर्णा गायब, नुसती पेटी. सहावी जाहिरात तीन वर्षांपूर्वीची. तीच बघून आत्याने हे यंत्र घेतलं होतं.

क्लबातली झाडून सगळी माणसं आधी कर्णा बघतात. ट्विलाने या वर्षी शाळेत सुतारकाम घेतलं होतं. वर्गात एकटी मुलगी आणि रंधा मारण्यात पहिली. लाकूड समोर आलं की तिची नजर आधी रेषांवर जायची.

चावीच्या भोकाशेजारी, लाकडाच्या रेषांतूनच उमटलेलं एक बदक होतं. मान वाकडी करून पोहणारं, चोचीत खिळ्याचं बारीकसं भोक असलेलं. दर शनिवारी पेटी पुसताना ती त्याला बोटाने गोंजारायची. ते बदक पहिल्या फोटोत होतं. तिने दुसरा फोटो मोठा केला. तिथेही. वेंडेलच्या निळ्या कर्ण्याखाली होतं. काळपट पॉलिशमध्ये तर संध्याकाळ झाल्यासारखं पोहत होतं. चोचीतलं भोकसुद्धा जिथल्या तिथे.

"आत्या, चष्मा लाव आणि इकडे ये. आधी चष्मा लाव."

आत्याने पहिला फोटो बघितला. दुसरा बघितला. उठून कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेली, वाकून बघितलं, परत आली. असं तिने चार वेळा केलं. मग खुर्चीत बसली.

"हे आपलं बदक."

"सहाही ठिकाणी आपलंच. कर्णे बदलले, पॉलिश बदललं, पेटी हीच."

"मग बाकीची पाच यंत्रं?"

"नाहीतच. दुसरं आजवर कुणी दाखवलेलंच नाही. घेतलं की जो तो क्लबाचा आकडा बघायचा, म्हणायचा, छे, हे तर सारखंच दिसतं. आणि विकून टाकायचा. की आकडा एकाने वाढला."

आत्याने वहीतल्या सहाच्या आकड्याकडे बघितलं. मग तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता तिने कॉफीचा कप दूर सरकवला, नाहीतर तो आडवाच झाला असता.

"वेंडेलने," तिला नीट बोलता येईना, "वेंडेलने जगातलं एकुलतं एक मेडोलार्क गवत कापायचं यंत्र घ्यायला विकलं, ट्विला."

"करू फोन?"

"आज नको. उद्या चर्चमध्ये सांगू. तिथे त्याला शिव्या देता येणार नाहीत."

ट्विलाने घड्याळाकडे बोट दाखवलं. अकरा एक्कावन्न. आत्याने डोळे पुसले, लॅपटॉप स्वतःकडे फिरवला आणि जाहिरात काढून टाकली. पडद्याने खात्री आहे का विचारलं. "तुला काय करायचंय," असं त्याला सुनावून तिने पुन्हा बटण दाबलं.

मग ती पेटीपाशी गेली. नळकांडं चढवलं. ट्विलाच्या पायांना आधीच चाळे सुचायला लागले होते, पण तिने आधी वही उघडली, पेन घेतलं.

"इथे आता काय लिहू?"

"सहा खोड, एक लिही," आत्या चावी फिरवत म्हणाली. "आणि शेजारी लिही, पुन्हा दिसणार नाही."